गाण्यातल्या मुलीला काम का नसते

गाण्यांच्या व्हिडिओंविषयी आमच्या गावात जी तक्रार होते, ती बहुतेक वेळा कपड्यांपाशी सुरू होते आणि कपड्यांपाशीच संपते. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या गावात मी बरीच वर्षे शाळेत शिकवते आहे, तिथे गणपतीत, दुर्गेच्या नवरात्रात किंवा लग्नाच्या वरातीत डीजेवर एखादे गाणे लागले आणि त्याचा व्हिडिओ पोरांच्या मोबाइलवर फिरू लागला, की पारावरची वडीलधारी मंडळी कपड्यांना, नाचण्याला आणि एकूणच जमान्याला नावे ठेवतात. त्यानंतर काय घडते ते ठरलेले आहे. व्हिडिओ तसाच राहतो, डीजे तसाच वाजतो, पोरे तशीच नाचतात, आणि घरातल्या आठवी-नववीच्या मुलीच्या हातातला मोबाइल मात्र काढून घेतला जातो. या व्हिडिओंवर माझाही आक्षेप आहे आणि तो पारावरच्या आक्षेपाहून सौम्य नाही. परंतु त्याची जागा वेगळी आहे, आणि ती नीट दाखवता यावी यासाठी हे लिहिते आहे.

आपल्याच भागात चित्रित झालेला एक व्हिडिओ घेते. त्याचे नाव सांगत नाही, कारण त्याच साच्यातले असंख्य व्हिडिओ यूट्यूबवर आहेत आणि सगळ्यांचा दोष एकट्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. गाणे वऱ्हाडी बोलीतले आहे, चाल गोड आहे, ठेका तर ऐकताक्षणी पाय हलवणारा आहे. मी ते आवाज बंद करून पाहिले. चित्र सुरू होते कापसाच्या शेतात. आधी दिसतात मुलीचे पैंजण घातलेले पाय; मग कॅमेरा वर सरकतो, कमरेपाशी रेंगाळतो, पाठीवरच्या मोकळ्या केसांवरून फिरतो, आणि बऱ्याच वेळाने चेहरा येतो, तोही लाजून खाली वळलेला. नायक मात्र पहिल्याच दृश्यात मोटारसायकलवरून थेट आपल्याकडे पाहत येतो. त्याला मित्र आहेत, रागीट बाप आहे, खिशात पैसे नसल्याचे दुःख आहे, म्हणजे एक आयुष्य आहे. तिला यातले काहीच दिलेले नाही. ती कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून शेतात आलेली आहे, आणि गाणे संपेपर्यंत तिच्या हातून एक बोंडसुद्धा वेचले जात नाही.

हाच व्हिडिओ मी शेजारच्या काकूंना दाखवला. त्यांचा जन्म कापूस वेचण्यात गेला आहे. त्यांनी शांतपणे पाहिले आणि विचारले, ‘हे पोरगी कापूस येचाले आली का मिरवाले? ना दुपट्टा बांधला, ना शर्ट घातला. बोटं सोलून निंगतीन तिची.’ ज्यांनी वेचणीच्या दिवसांत आमच्याकडची शेते पाहिली आहेत त्यांना काकूंचे म्हणणे लगेच कळेल. साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि कानांना घट्ट दुपट्टा, पोटाशी बांधलेली आणि तासागणिक जड होत जाणारी ओटी, असा त्या बाईचा वेश असतो. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोके सुईसारखी असतात. त्यांच्यामधून कापूस ओढून काढताना नखांच्या कडा फाटतात आणि रात्री भाकरी थापताना त्या झोंबतात. मजुरी किलोवर असल्यामुळे हात थांबवता येत नाही. काकूंना व्हिडिओतल्या मुलीची काळजी वाटली, आणि मला वाटते, त्या चित्राकडे माणूस म्हणून पाहण्याची तीच खरी रीत होती. व्हिडिओ करणाऱ्यांना मात्र ते शेत मागे पांढरे-हिरवे दिसण्यापुरते हवे होते आणि मुलगी पुढे दिसण्यापुरती.

चित्रपटातला कॅमेरा बहुधा पुरुषाच्या डोळ्यांनी पाहतो आणि स्त्री तिथे पाहिली जाण्यासाठी असते, ही मांडणी लॉरा मल्व्ही या ब्रिटिश अभ्यासिकेने १९७५ साली केली. पुढे १९९५ मध्ये मार्था नुसबॉम या अमेरिकी तत्त्वज्ञ विदुषीने माणसाला वस्तू मानणे म्हणजे नेमके काय होते, याची सात लक्षणे सांगितली. त्यांतली दोन मला आमच्या व्हिडिओंत पावलोपावली दिसतात. एक म्हणजे त्या व्यक्तीला स्वतःचे मन, स्वतःचा अनुभव आहे हे लक्षातच न घेणे. दुसरे म्हणजे तिच्या जागी दुसरी उभी केली तरी काही बिघडत नाही, असे मानणे. आमच्या व्हिडिओतली मुलगी काढून तिथे दुसरी ठेवा, गाण्याच्या एका ओळीलाही धक्का लागणार नाही. गायक, संगीतकार, दिग्दर्शक, निर्माता, अगदी गाडी देणाऱ्याचेही नाव आभारात येते. मागे नाचणाऱ्या मुलींची नावे अनेकदा कुठेच नसतात.

आता कपड्यांचे पाहू. या व्हिडिओतली मुलगी अंगभर साडीत आहे, एका दृश्यात तर डोक्यावर पदर आहे. म्हणून पाराला त्यात काही वावगे दिसले नाही. उलट ‘आपली संस्कृती जपली’ असे कौतुकच झाले. तोकड्या कपड्यांतली एखादी गायिका स्वतःचे गाणे स्वतः म्हणत, समोर रोखून पाहत नाचली असती, तर तिच्यावर मात्र टीकेची झोड उठली असती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने उमरेड भागातल्या एका प्रकरणात असे म्हटले की, स्त्रियांनी तोकडे कपडे घालून नाचणे एवढ्यावरूनच ते कृत्य अश्लील ठरत नाही, आणि तो गुन्हा रद्द केला. गावात त्या निकालावर बरीच नाराजी व्यक्त झाली. मला तो निकाल पटला. कपडा किती लांब आहे यावरून स्त्रीचा मान ठरवणारा माणूस आणि तिच्या कमरेवर कॅमेरा थांबवणारा माणूस हे दोघे एकमेकांना विरोधक समजतात, पण दोघांचीही नजर तिच्या अंगावरच असते. ती काय म्हणते आहे, काय करते आहे, तिला काय हवे आहे, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

हे सगळे गावात एकदम आले नाही. उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, चॅनल व्ही आणि एमटीव्ही ही नावे आम्ही शहरातल्या नातेवाइकांकडून ऐकत होतो. गावात त्या काळी टीव्हीच मोजके होते. नंतर तालुक्याच्या बसस्थानकाजवळच्या दुकानांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. कार्डात काय भरायचे ते दुकानातला पोरगा ठरवत असे आणि ते पाहणारेही बहुतेक पोरेच असत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले, त्यानंतर दारापुढचा ओटाच चित्रपटगृह झाला. त्याच ओघात गावोगावची पोरे स्वतः व्हिडिओ करू लागली. आपल्या बोलीत, आपल्या शेतात, आपल्या धरणाच्या काठावर गाणे चित्रित होणे ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. कित्येक वर्षे वऱ्हाडी बोली पडद्यावर विनोदापुरतीच वापरली गेली होती. म्हणूनच दुःख जास्त होते. बोली आपली आली, माती आपली आली, आणि मुलीकडे पाहण्याची रीत तेवढी मुंबईच्या आयटम साँगमधून जशीच्या तशी उचलली गेली. नायक सावळा, रापलेला, साधा चालतो. नायिका मात्र गोरीच लागते, आणि उन्हातान्हात वाढलेल्या आमच्या मुली स्वतःच्या गावातल्या गाण्यातसुद्धा कुठे दिसत नाहीत.

या गाण्यांची गोष्ट जवळपास एकच असते. तो तिच्या मागे जातो, ती नाही म्हणते, तो पुन्हा जातो. कॉलेजच्या रस्त्यावर, एसटीच्या थांब्यावर, विहिरीवर, जत्रेत तो तिची वाट अडवतो, मित्र हसतात, आणि शेवटच्या कडव्यात ती हसून ‘हो’ म्हणते. नकाराचा अर्थ ‘अजून थोडा पाठलाग कर’ असा आहे, हे इतक्या गोड चालीत, इतक्या वेळा सांगितले जाते की ते सांगितले जाते आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या कायद्याने मात्र स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही तिचा पुनःपुन्हा पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे; आधी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ड मध्ये होता, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे.

हिंगणघाट आमच्यापासून लांब नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला, तिचा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाने तिथे भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवले. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी त्या माणसाला जन्मठेप झाली. कोणत्याही गाण्याने ते घडवले असे मी म्हणत नाही आणि तसे म्हणणे त्या मुलीच्या मरणाचा अपमान ठरेल. मला दिसले ते त्यानंतरचे. आमच्या भागातल्या कितीतरी आईबापांनी मुलींचे बाहेरगावचे शिक्षण थांबवण्याचा विचार केला, काहींनी ते थांबवलेही, आणि त्याच वर्षीच्या लग्नसराईत, टाळेबंदी लागण्याआधीच्या वरातींत, पाठलागाची तीच गाणी तशीच वाजली. नाचणाऱ्यांत अत्यंत सालस मुले होती, त्यांतली कित्येक माझे विद्यार्थी. त्यांना कोणाचे वाईट चिंतायचे नव्हते. गाण्यातली ती मुलगी आणि एसटीच्या थांब्यावर उभी असलेली आपल्या वर्गातली मुलगी यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये हा प्रश्न माझ्या अगदी हाताशी येतो. सातवीच्या मुली नाच बसवताना मोबाइल भिंतीला टेकवून ठेवतात आणि व्हिडिओतली प्रत्येक हालचाल हुबेहूब उचलतात. एक मुलगी ओठ दातांत धरून, मान कलती करून खांद्यावरून मागे पाहण्याची हालचाल पुनःपुन्हा करत होती. हे कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ती निरागसपणे म्हणाली, ‘मॅडम, व्हिडिओत तं असंच हाये.’ त्या पाहण्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. मग मैत्रिणीने तिचा नाच मोबाइलवर टिपला आणि सगळ्या जणी तो पाहायला बसल्या. एवढी छान नाचणारी ती मुलगी पडद्याकडे पाहून एकदम हिरमुसली आणि म्हणाली, ‘मी जाडी दिसून राह्यली.’ ठेका चुकला का, हात बरोबर वळला का, हे तिने पाहिलेच नाही. नाचताना होणारा आनंद तिचा स्वतःचा होता. पडद्यावर पाहताना ती स्वतःलाच दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहू लागली.

बार्बरा फ्रेड्रिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये नेमके हेच मांडले होते. ज्या समाजात स्त्रीचे शरीर सतत पाहिले आणि जोखले जाते, तिथे मुली हळूहळू स्वतःकडे बाहेरून पाहायला शिकतात, आपण कशा दिसतो याचा पहारा मनात कायम ठेवतात, आणि त्या पहाऱ्यात लाज, चिंता व लक्ष न लागणे हे सगळे येते. त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एकट्याने आरशासमोर पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला दिला आणि त्याच अवस्थेत गणिते सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणिते स्वेटरमधल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. मुलांच्या बाबतीत असा फरक पडला नाही. खोलीत त्यांना पाहणारे कोणीच नव्हते. अमेरिकेतली विद्यापीठे आणि आमची शाळा यांत पुष्कळ अंतर आहे हे मला कळते, तरी फळ्यापाशी गणित सोडवायला आलेली नववीची मुलगी एका हाताने ओढणी सावरत, पाठीमागे कोण पाहते आहे याचा अंदाज घेत खडू चालवते, तेव्हा मला तो प्रयोग आठवतो.

स्त्रीचे शरीर, तिचा शृंगार आणि तिची इच्छा यांना आपल्या गाण्यात पूर्वी जागा नव्हती, असे कोणी म्हणू नये. लावणीत तर उघड शृंगार आहे. ती बहुतेक पुरुष शाहिरांनी रचली आणि ती नाचणाऱ्या बायांच्या वाट्याला समाजाने भरपूर अवहेलना दिली, हेही खरे आहे. तरी लावणीत बोलणारी ती स्वतः असते, आणि समोरच्या पुरुषाकडे ती मान वर करून पाहते. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मूर्ती, मांडतात. संध्याकाळी मुली घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ होतो. त्या गाण्यांत सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, नणंदेचा जाच आहे, रुसवा आहे. ते जग काही सुखाचे नाही. पण ‘मी’ म्हणणारी बाई आहे, आणि तिला दिवसभराचे काम आहे, भूक आहे, राग आहे, चेष्टा करण्याची अक्कल आहे. आज भुलाबाईसमोरसुद्धा पाच गाणी झाली की ब्लूटूथचा स्पीकर लागतो आणि मुली ज्या गाण्यावर नाचतात त्यात ‘मी’ म्हणणारा पुरुष असतो, त्या स्वतः त्यातल्या ‘फटाका’, ‘माल’ किंवा ‘पाखरू’ असतात.

‘ती मुलगी स्वतःच्या मर्जीने काम करते, पैसे घेते, तुम्हाला काय अडचण आहे?’ असा प्रश्न मला एका तरुणाने विचारला. तो स्वतः व्हिडिओ करतो आणि हुशार आहे. प्रश्न बरोबर आहे आणि त्या मुलीविरुद्ध माझ्या मनात काहीही नाही. नाच हे मेहनतीचे काम आहे. ते करून ती घर चालवत असेल तर तिला मान मिळाला पाहिजे. गावोगावच्या शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, आणि जत्रांच्या वेळी ‘डान्स हंगामा’ नावाचे जे कार्यक्रम होतात, त्यांवर ओरड झाली की नाव नाचणाऱ्या बायांचेच खराब होते, आणि तिकीट काढणारे, नोटा उधळणारे व आयोजन करणारे घरी जाऊन सज्जन होतात, हेही आम्ही पाहिले आहे. म्हणून मी त्या तरुणाला एवढेच विचारले की, कॅमेरा कुठे ठेवायचा हे तिला विचारतोस का? गाण्यात तिची एक ओळ असावी असे कधी तिला विचारलेस का? तो म्हणाला, तसे कोणी विचारत नाही. मर्जीचा विषय माझ्यासाठी तिथून सुरू होतो.

कायद्याकडून मला फार आशा नाही. स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा १९८६ चा कायदा जाहिराती आणि छापील मजकूर समोर ठेवून झाला. त्याच्या व्याख्येत स्त्रीची मानहानी करणारे चित्रणही येते, पण चर्चा नेहमी अश्लीलतेचीच होते. सेन्सॉर बोर्ड चित्रपट पाहते; थेट यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ त्याच्यापुढे न्यावाच लागत नाही. आणि उद्या कोणी कडक सेन्सॉर आणलाच, तर तो पुन्हा गुडघे आणि गळे मोजत बसेल आणि पदर घेतलेल्या, निमूट, निरुद्योगी मुलीला प्रमाणपत्र देऊन मोकळा होईल, अशी मला भीती वाटते.

त्यामुळे शाळेत आणि गावात जे करता येईल ते करते आहे. गॅदरिंगची गाणी ठरवण्याआधी आठवी-नववीच्या मुलामुलींना एकत्र बसवून मी निवडलेले व्हिडिओ आवाज बंद करून दाखवते आणि विचारते की यातल्या मुलीविषयी तुम्हाला काय काय कळले. मुली आधी गप्प बसतात. गेल्या खेपेला मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तिले काही कामच नाही.’ त्यावर दुसरा म्हणाला की आपल्या बहिणीला असे कोणी सारखे आडवे आले तर आपण त्याला सोडणार नाही, आणि त्यावर एका मुलीने जोरात विचारले, ‘बहीणच काऊन? वर्गातल्या पोरी माणसं नाहीत काय?’ त्या दिवशी जी खडाजंगी झाली तशी मी कोणत्याच धड्यावर होताना पाहिलेली नाही. आमच्या एका सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते अशा गोष्टींवर मुलांसमोर बोलूच नये. मुले त्या गोष्टी रोज पाहतात, न बोलता पाहतात, आणि मुलींपेक्षा मुलांना त्यावर बोलायची गरज जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे, म्हणून तो तास चालूच राहील.

गणपती आणि दुर्गा मंडळांची वर्गणी घरातल्या बाया आपल्या मजुरीतून देतात, कापसाच्या आणि निंदणाच्या पैशातून देतात. डीजेवर काय वाजवायचे हे मात्र मंडळातली दहा-बारा पोरे ठरवतात. येत्या महिला ग्रामसभेत एवढीच मागणी ठेवायची आहे की मंडळाने गाण्यांची यादी आधी लावावी, ती ठरवताना बाया आणि मुली बसाव्यात, आणि मुलींचे मोबाइल काढून घेण्याचा विषय यापुढे ग्रामसभेत या प्रश्नावरचा उपाय म्हणून आणला जाऊ नये. अर्ज लिहून झाला आहे. काकूंनी अंगठा न देता सही केली आहे, त्यांच्या वेचणीच्या टोळीतल्या बायांच्या सह्या त्या रविवारपर्यंत आणून देणार आहेत.